सव्विसावं भोक

९ मार्च २०१३

ऑरिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र सरळ स्टोव्हमध्ये टाकायच्या बेतात असशील, तर त्याआधी एकच वाक्य वाच. मी रायफल घेतली.

आता टाक हवं तर. नाही टाकवत ना? सहा वर्षं बहिणीशी अबोला धरता येतो, पण तिने कुठली बंदूक घेतली आणि कुणी तिला कशी टोपी घातली हे कळल्याशिवाय तुला जेवण जायचं नाही. तुझी नस मला पक्की ठाऊक आहे.

तर ऐक. पॉइंट टू-टू, जाड नळीची, एकेक काडतूस हाताने भरायचं. एका शेतावरच्या लिलावात मिळाली, टोमॅटोच्या रिकाम्या बरण्यांच्या खोक्याशेजारी पडली होती. दस्त्यावर कुणाच्या तरी कुत्र्याने दात घासलेत, पण नळी आतून चांगली आहे. इनॉसनी उजेड टाकून पाहिली. हो, तेच इनॉस, क्लबात गुण मोजणारे. त्या नावापाशी थांबू नकोस, पुढे वाच.

मी क्लबची सभासद झाले आहे. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. हसू नकोस. मागे बेचाळीस पोरं किंचाळत असताना मी बर्फावरून शाळेची बस नेते, हात स्थिर कसा ठेवायचा हे मला कुणी शिकवायला नको. आणि आपला खेळ तर टेबलाशी बसून खेळायचा. बंदूक टेकूवर, आपण खुर्चीवर. पन्नास यार्डांवर कागद, कागदावर पंचवीस गोल, प्रत्येक गोलात एकच गोळी. बाईमाणसाला, म्हाताऱ्याला, गुडघे गेलेल्याला, सगळ्यांना सारखा. तुझ्यासारखा चिडका माणूससुद्धा यात बरीच वर्षं पहिला येत होता, म्हणजे बघ.

इनॉसनी पहिल्याच दिवशी बजावलं, "नवा माणूस सगळे पैसे बंदुकीवर घालतो आणि उरलेल्या चिल्लरीत काडतुसं घेतो. तू उलटं कर." मी उलटं केलं. दुर्बीण जुनी घेतली, वाळूच्या पिशव्या फाटक्या जीन्सच्या पायांच्या शिवल्या. अडचण आली ती पुढच्या टेकूची. नवा घ्यायचा तर बंदुकीपेक्षा महाग. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, आणि माझं अंथरूण म्हणजे हातरुमाल. मग बसच्या गॅरेजमधल्या लेस्टरकडून मोडीत निघालेला ब्रेक ड्रम मागून आणला. त्याने त्यावर जुन्या जॅकचा स्क्रू बसवून दिला. दिसायला तोफेचा गाडा आहे, पण जागचा हलत नाही. वाऱ्याचे झेंडे लहान मुलांच्या भिरभिऱ्यांचे केले, खाली पिवळ्या फितीचं शेपूट.

तुझा राग मी विसरलेले नाही. २००७च्या जूनमधली मॅच. तुझ्या कागदावर इनॉसनी पंचवीसऐवजी सव्वीस भोकं मोजली. जादाच्या भोकाला कुणी धनी उभा राहिला नाही, म्हणून दंड तुझ्या माथी आला, आणि राज्याच्या संघातली जागा दोन गुणांनी गेली. तू सगळ्यांसमोर इनॉसना आंधळा म्हणालास, वर लबाडही म्हणालास. मी एवढंच म्हटलं की ऑरिन, नियम तो नियम. त्यावर तू गाडीत बसून निघून गेलास तो गेलासच. पुढे घर विकून राज्याच्या दुसऱ्या टोकाला गेलास, तेसुद्धा मला लेस्टरकडून कळलं. एवढ्या एका वाक्यावरून माणूस सख्ख्या बहिणीला तोडतो का?

असो. एक विचारायचं आहे. ब्रेक ड्रम टेबलावर ठेवला की डुगडुगतो. काय करू?

व्हर्डा


२१ एप्रिल

ऑरिन,

तुझी बायको दर रविवारी मला फोन करते, हे तुला ठाऊक नसेल तर आता झालं. लुसिल म्हणाली, तू माझं पत्र टपालपेटीपाशी उभ्यानेच वाचलंस. घरात चकार शब्द काढला नाहीस. आणि दोन दिवसांनी सूप पिता पिता मध्येच म्हणालास, "तीन पाय लावायला सांग. चार पायांवर काही धड बसत नाही." हे तू लुसिलला म्हणालास, मला नाही, हे मी समजून आहे. तीन पाय लावले, डुगडुग गेली. लुसिलचे आभार मानते.

आता माझी फजिती ऐक, तुला बरं वाटेल. सरावाच्या पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी मी रायफलची नळी आतून घासूनपुसून लख्ख केली. ब्रश, तेल, फडकी, सगळं. बस जशी सोमवारी चकचकीत नेते तशी बंदूकही न्यावी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या वीस गोळ्या कुठे गेल्या ते मेरीलाच ठाऊक. मेरी म्हणजे पलीकडच्या शेतातली गाय, घाबरू नकोस, सुखरूप आहे.

इनॉस दुर्बिणीतून कागद बघत माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"काय केलंस हिला?"

"साफ केली."

"कुणी सांगितलं होतं?"

"स्वच्छता काय कुणी सांगावी लागते?"

"चर्चमध्ये नाही लागत. इथे लागते. काडतुसाला मेण असतं बाई, ते नळीला आतून हळूहळू बसतं. ते बसलं की गोळी शहाण्यासारखी जाते. तू ते सगळं खरवडून काढलंस आणि परीक्षेला बसलीस."

मर्ल शेजारच्या टेबलावरून खो खो हसत होता. पूर्वीसारखाच आहे तो, पोट आणखी पुढे आलंय एवढंच. "व्हर्डा, साबण कुठला वापरलास? पुढच्या वेळी थोडा वासाचा घे." मी म्हटलं, "मर्ल, तुझा कागद बघितला मी. नाचता येईना आणि अंगण वाकडं. तुझी नळी न धुताही अशीच मारते." तो आपल्या दुर्बिणीकडे वळला. हा माझा त्या दिवसाचा एकमेव नेम.

एक नवी पद्धत निघाली आहे, तू गेल्यानंतरची. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी प्रत्येकाने वेगवेगळ्या लॉटच्या काडतुसांची एक पेटी आणायची आणि दहा-दहा काडतुसं सगळ्यांत वाटून घ्यायची. अंगतपंगतच म्हण ना. बायका घरचे केक आणतात, पुरुष काडतुसं आणतात. मी दोन्ही नेलं. तुला माहीतच आहे, कारखाना तोच, डबी तीच, आणि लॉटचा आकडा बदलला की गोळीचा स्वभाव बदलतो. एका बंदुकीला जो लॉट मानवतो तो दुसरीला मानवत नाही. पूर्वी ज्याच्याकडे पैसा तो दहा लॉट विकत घेऊन बघायचा आणि बाकीचे नशिबावर हवाला ठेवायचे. आता एका पेटीच्या पैशांत बारा लॉट बघायला मिळतात. ही कल्पना इनॉसची, नव्या माणसाला परवडावं म्हणून काढलेली. ते लबाड असते तर असलं काही सुचलं असतं का, ते तूच ठरव.

कुत्र्याने चावलेल्या माझ्या बंदुकीला सगळ्यांत स्वस्त लॉट मानवला. पाच गोळ्या एका वाटाण्यात मावतील अशा गेल्या. मर्लने तो आकडा विचारला. मी सांगितला नाही.

व्हर्डा


३ जून

ऑरिन,

काल पहिली खरी मॅच झाली. अडीचशेपैकी दोनशे अडतीस. साध्या बंदुकांच्या गटात तिसरी आले. मला शोभत नाही तरी सांगते, मी घरी येताना गाडीत गात होते.

लुसिल म्हणते, तू आता पत्र आत आणून खुर्चीत बसून वाचतोस. प्रगती आहे.

काल वारा कसा होता ते तुला समोर बसून सांगायला हवं. सुमाक झुडपांकडून यायचा, मध्येच पडायचा, की उलट बाजूने. माझी भिरभिरी वेड्यासारखी फिरत होती. मी एकेका गोळीआधी डोळा दुर्बिणीवरून उचलायचे, झेंडे बघायचे, परत डोळा लावायचे, आणि चाप ओढण्याआधी दर वेळी मनात माझ्या कागदाचा नंबर म्हणायचे. आठ, आठ, आठ. कारण दुर्बिणीत काय दिसतं? चार-पाच गोल. कागदाची कड दिसत नाही, नंबर दिसत नाही, आणि शेजाऱ्याचे गोल आपल्या गोलांची जुळी भावंडं. टेकूवर दस्ता बोटभर सरकला की तिकडे पन्नास यार्डांवर माणूस परक्याच्या अंगणात. भल्याभल्यांचं होतं हे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हात वर करायचा, 'माझी गोळी' म्हणायचं, दंड घ्यायचा, मोकळं व्हायचं. नियमच तसा आहे, म्हणणाऱ्याचा दंड म्हणणाऱ्याला, आणि कुणीच नाही म्हटलं तर ज्याचा कागद त्याला.

हे मी तुला का सांगते आहे कुणास ठाऊक. तूच मला शिकवलेलं आहेस.

इनॉस सप्टेंबरच्या मॅचनंतर गुण मोजणं सोडणार आहेत. ब्याऐंशी झाले. तू गेलास तेव्हापासून त्यांनी एक नवीन खोड लावून घेतली आहे. प्रत्येक कागद मोजला की दुसऱ्या कुणाला तरी बोलावून परत मोजायला लावतात. लोक कंटाळतात, मर्ल तर तोंडावर म्हणतो, "इनॉस, तुम्ही मोजलंत ना, मग झालं." ते ऐकत नाहीत. काल त्यांनी मला बोलावलं होतं दुसऱ्यांदा मोजायला. मोजून झाल्यावर भिंग पुसता पुसता म्हणाले, "व्हर्डा, त्या दिवशी तू ऑरिनच्या शेजारीच होतीस. मी बरोबर मोजलं होतं ना गं?"

मी म्हटलं, "बरोबर मोजलं होतंत."

ते म्हणाले, "तूही असंच म्हणालीस ते बरं झालं." आणि डबा बंद करून गेले.

मी जेवले नाही काल. एवढे गुण पडूनसुद्धा.

व्हर्डा


१४ जुलै

ऑरिन,

हे पत्र बसून वाच. लुसिल शेजारी असेल तर असू दे.

सव्विसावं भोक माझं होतं.

चार महिने तुला विनोदी पत्रं लिहिते आहे, त्यामागे हे होतं. बंदूक घेतली त्यामागेही हेच होतं. म्हटलं होतं आधी तुला हसवेन, मग सांगेन, पण तू हसायला लागलास तसं सांगणं अवघडच होत गेलं. आता सरळ सांगते.

त्या मॅचला मी तुझ्या शेजारच्या टेबलावर होते. माझी फी तू भरली होतीस, तुझी जुनी रायफल मला दिली होतीस. माझ्या सतराव्या गोळीला वाऱ्याचा झोत आला. मी डोळा उचलून झेंडे बघितले, झेंडे पडले तसा घाईने डोळा लावला आणि चाप ओढला. मग पुढच्या गोलाकडे जाऊ लागले, तर तिथे आधीच भोक. त्याच्या पुढच्यातही. सगळी मधोमध, एकाहून एक. अशी भोकं माझी असणं शक्यच नव्हतं. तो तुझा कागद होता.

मी हात वर केला नाही. माझ्या कागदावर परत आले, डबीतून एक जादा काडतूस काढलं आणि माझा सतरावा गोल भरला. जादाचं रिकामं टरफल जॅकेटच्या खिशात टाकलं. म्हणून माझ्या कागदावर बरोबर पंचवीस भोकं निघाली. इनॉसनी आजूबाजूचे सगळे कागद तपासले होते, आठवतं? कुणाकडे एखादं भोक कमी आहे का ते बघायला. माझा कागद त्यांनी सगळ्यांत आधी बाजूला ठेवला.

म्हणजे चूक माझी एका गोळीची, पण लबाडी दुसऱ्या गोळीची. पहिली कुणाच्याही हातून सुटते. दुसरी मी नीट नेम धरून मारली.

आणि त्यानंतर मी तुला म्हटलं, नियम तो नियम.

मी घाबरले होते, ऑरिन. दुसरं काही नाही. नंतर तू आणि इनॉस हातघाईवर आलात, मग तू गेलास, आणि दर दिवसागणिक सांगणं महाग होत गेलं. झाकली मूठ म्हणतात, पण माझी बोटं आखडून गेली आहेत.

सप्टेंबरच्या पंधराला इनॉसची शेवटची मॅच आहे. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार आहे. ते तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाऊ नये म्हणून आधी तुला लिहिलं. क्षमा माग असं मला कुणी सांगितलेलं नाही. मी मागते आहे. माझ्यामुळे तुझी जागा गेली, क्लब गेला, आणि एका भल्या माणसाला तू लबाड म्हणालास तेही माझ्यामुळे.

राग करायचा तो कर. तुला तो अधिकार आहे. पण तो राग आता तरी योग्य माणसावर कर.

व्हर्डा


२५ ऑगस्ट

ऑरिन,

सहा आठवडे झाले. लुसिलनेही फोन बंद केलाय. शेवटच्या फोनला एवढंच म्हणाली, "व्हर्डा, तो वाचून तळघरात गेला आणि रात्री जेवायला वर आला नाही. मला मध्ये घालू नका आता." बरोबर आहे तिचं.

मी गयावया करायला लिहीत नाहीये. एक कळवायचं होतं. मी इनॉसना सांगितलं. सगळ्यांबरोबर त्यांनीही पहिल्यांदाच ऐकावं हे बरं दिसलं नसतं.

ओसरीवर बसून मक्याची कणसं सोलत होते. मीही एक कणीस घेतलं आणि सोलता सोलता सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मी बरोबर मोजलं होतं."

"हो."

"मला माहीत होतं. पण मला माहीत असून उपयोग काय? दर वर्षी मी डोळे तपासून घेतले. दर वर्षी डॉक्टर म्हणायचा, इनॉस, डोळे ठणठणीत आहेत. मी दर वर्षी डॉक्टर बदलला."

मला हसू आलं, आणि मग हसू आल्याची लाज वाटली. ते हसत नव्हते.

"ते कणीस ठेव खाली आणि घरी जा," म्हणाले. "पंधरा तारखेला सगळ्यांना सांग. मला आज तुझं तोंड बघायचं नाही."

मी गेटपर्यंत गेले तेव्हा मागून ओरडले, "आणि सराव सोडू नकोस म्हणावं त्या बाईला!" जणू मी दुसरीच कुणी होते.

सोडलेला नाही. रोज संध्याकाळी पन्नास गोळ्या. गेल्या गुरुवारी दोनशे चव्वेचाळीस झाले, त्याच कुत्र्याने चावलेल्या बंदुकीवर. माझं तोंड काळं झालं तरी हात अजून शाबूत आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला या खेळाचं वेड लागलंय. ते तुझ्याकडून आलेलं आहे आणि ते मी परत करणार नाही.

व्हर्डा


१७ सप्टेंबर

ऑरिन,

परवा तू गेल्यावर मी ताटं तशीच टेबलावर ठेवली होती. काल आवरली. आता लिहायला बसले आहे. तू समोर असताना जे सांगता आलं नाही ते कागदावर सांगायची मला सवयच लागली आहे.

तू कधी पोचलास ते मला कळलंच नाही. मी पत्र्याच्या शेडखाली उभी राहून सांगत होते. सव्विसावं भोक, जादाचं काडतूस, खिशातलं टरफल, सगळं. मर्लने टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बाई, तू तर मला लॉटचा आकडासुद्धा सांगितला नव्हतास, हे बरं सांगितलंस." कुणी तरी हसलं. आणि मग सगळ्यांच्या माना माझ्या मागे वळल्या. तू गाड्यांपाशी उभा होतास. म्हातारा झालास रे. आपल्या वडिलांसारखा वाकून उभा राहतोस.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. सरळ इनॉसकडे गेलास. तुम्हा दोघांचं बोलणं मला ऐकू आलं, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"इनॉस, मी तुम्हाला आंधळा म्हणालो होतो."

"आणि लबाड."

"आणि लबाड."

"आंधळा चाललं असतं," इनॉस म्हणाले. आणि त्यांनी खुर्ची तुझ्याकडे सरकवली.

माझी शिक्षा मी मनात धरली होती. वर्षभर बंदी घालतील, फार तर नाव काढतील. इनॉस उठून म्हणाले, आजपासून कागद व्हर्डा मोजेल. मर्ल उसळला. "चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या?" इनॉस म्हणाले, "दारात ज्याचं बोट चेंगरलंय ना मर्ल, तो दार सावकाश लावतो. तुला मोजायचंय का?" मर्लला मोजायचं नव्हतं. कुणालाच नव्हतं, कारण जो मोजतो त्याला त्या दिवशी खेळता येत नाही. मी मान डोलावली तेव्हा कुठे मला कळलं, की मी काय सोडलं. दोनशे चव्वेचाळीस गुणांवर पोचलेली बाई मी, आणि आता मॅचच्या दिवशी माझ्या हातात भिंग. बरं झालं. शिक्षा टोचली नाही तर ती शिक्षा कसली?

मग मॅच झाली, तूही खेळलास, आणि तुझा कागद माझ्यापुढे आला. पंचवीस गोल, पंचवीस भोकं. मी तीनदा मोजली. सहा वर्षं टेबलाशी न बसलेल्या माणसाने असं खेळावं याचा मला हेवा वाटला, तेही सांगून टाकते. फक्त तो तेविसावा. भोकात गुण मोजायची सळई बसवली, भिंग लावलं, आणि भोकाची कड दहाच्या रेषेवर. आपल्या क्लबात रेषेला लागलं की खालचा आकडा. नऊ दिले तर मर्ल पहिला, दहा दिले तर तू. सगळे माझ्याभोवती उभे होते. इनॉस मागे होते. माझ्या मनात एकदा आलं, दे दहा. याचं देणं आहे तुझ्यावर. कोण विचारणार आहे?

मी नऊ म्हटलं.

तू भिंग घेतलंस. किती वेळ बघत होतास! मग भिंग खाली ठेवून तू म्हणालास, "नऊच आहेत," आणि सही केलीस. मर्लने तुझ्या पाठीत थाप मारली. आणि मग तू मला, सहा वर्षांनंतर मला, म्हणालास, "जेवायला काय आहे घरी?"

हॅम, घेवडा आणि बटाटे होते. तू दोनदा वाढून घेतलंस. लुसिलची गुडघेदुखी, लेस्टरचं लग्न, तुमच्या तळ्यावरचा बर्फ, सगळं बोललास. आणि काटा खाली ठेवून एकदम विचारलंस, "व्हर्डा, त्या वेळी हात का नाही वर केलास? खरं सांग. नुसती घाबरलीस हे मला पटत नाही. तू बर्फावरून बस नेतेस."

मी म्हटलं, "बटाटे घे."

आता सांगते. जुलैच्या पत्रात घाबरले म्हणून लिहिलं ते अर्धवट होतं. मी तुझ्याहून नऊ वर्षांनी लहान. जन्मभर तू बंदूक खांद्याला लावून फाटकाबाहेर पडलास आणि मला म्हणालास, "तू थांब घरी." हरणाच्या शिकारीला, मासे धरायला, जत्रेला, सगळीकडे. मी एक्कावन्न वर्षांची झाले आणि त्या जूनमध्ये तू पहिल्यांदा मला बरोबर नेलंस. आणि मॅच सुरू व्हायच्या आधी तू मला टेबला-टेबलावर घेऊन फिरलास. मर्लपाशी नेलंस, इनॉसपाशी नेलंस, ज्यांची नावं तुला धड आठवत नव्हती त्यांच्यापाशीही नेलंस. आणि प्रत्येकाला एकच म्हणालास, "ही माझी बहीण. हिचा हात बघा, दगड आहे दगड."

तुला आठवतही नसेल. मला तुझा आवाजसुद्धा आठवतो.

त्यानंतर पाऊण तासात मी ती गोळी तुझ्या कागदावर मारली. हात वर केला असता तर तू फक्त हसला असतास, हे मला आज कळतं. पण तेव्हा मला वाटलं, आता हा पुन्हा म्हणेल, तू घरी थांबायला हवं होतंस. मला फक्त मॅच संपेपर्यंत, आणखी एक तासभर, ती तू सांगत होतास ती बाई राहायचं होतं. तेवढ्यासाठी मी तुला गमावलं.

हे खरं कारण. याहून आत दुसरं काही नाही.

तुझी बहीण,
व्हर्डा